भिंतीचा कौल

आमच्या दाराशेजारी एक पाटी लावायची होती. पाटी बिडाची, ताटाएवढी, लंबगोल. हॅल्सफर्ड नगर वारसा मंडळाने ती खास ओतवून घेतली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं: 'अस्सल विटांचं घर, अंदाजे सन १७७०.' तिला चार भोकं होती. चार भोकांत चार स्क्रू पिळायचे की झालं. हिलरी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "किटली ठेवते. चहा होईपर्यंत उरकेल तुझं." ही गोष्ट मार्चमधली. तो चहा आम्ही प्यायलो, नंतर बरेच प्यायलो, आणि पाटी आज ऑक्टोबरात आमच्या दिवाणखान्यात छत्र्यांच्या स्टँडला टेकून उभी आहे.

कुणाला कुत्र्याचा अभिमान असतो, कुणाला गुलाबांचा. मला माझ्या भिंतीचा होता. एकतीस वर्षं मी विमा कंपनीत दुसऱ्यांच्या भिंतींचं मोल ठरवण्यात घालवली. त्यामुळे निवृत्तीनंतर स्वतःच्या भिंतीविषयी चार शब्द बोलायचा मला हक्क आहे, असं मी धरून चाललो होतो. ते चार शब्द मी दर शनिवारी अकरा वाजता बोलायचो. मंडळातर्फे पाहुण्यांना गावातली जुनी घरं दाखवायचं काम माझ्याकडे होतं आणि फेरी कुठूनही सुरू झाली तरी माझ्याच दाराशी संपायची. तिथे मी म्हणायचो, "मंडळी, हातच्या कांकणाला आरसा कशाला?" आणि तळहाताने भिंतीवर सणसणीत थाप मारायचो. लालसर विटा, त्यांच्यामधून केसाएवढ्या पांढऱ्या रेघा, सगळं आखीव. लोक ओठ दुमडून माना डोलवायचे.

मग मी त्यांना शेजारचं पंधरा नंबर दाखवायचो. ते एकहर्स्टबाईंचं. आमच्या दोन घरांमध्ये एक अरुंद बोळ आहे. अख्ख्या रस्त्यात एकट्या त्यांच्याच घराला पुढून पांढरा गिलावा आहे आणि तोही कोपऱ्याकोपऱ्यांत पोपडे धरलेला. मी म्हणायचो, "वरून केकवरची साखर, आतून कुडाची भिंत. काड्या, माती आणि शेण. तिथे कुणी शिंकलं तर मी माझ्या पलंगावरून 'देव भलं करो' म्हणतो." हशा हमखास. एकहर्स्टबाई बहुतेक वेळा पायऱ्या झाडत असायच्या. त्याही हसायच्या. ऐंशीला टेकलेल्या, ठेंगण्या, विधवा बाई. त्यांचं हसणं मी शाबासकी समजायचो.

पाटी मला मिळाली ती रीतसर. मंडळाच्या समितीवर मी आहे, त्यामुळे माझ्या घराचा विषय निघाला तेव्हा तत्त्व म्हणून मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो. दार पातळ होतं, त्यामुळे ठराव एकमताने झाला हे मला जरा आधीच कळलं. अध्यक्ष हनीसेट यांनी बाहेर येऊन माझा हात दाबला आणि म्हणाले, "पिल्बीम, तुमच्या घरासारखं घर या रस्त्यावर नाही." त्यांचं स्वतःचं घर आमच्यापासून पाच दारं सोडून, तेही विटांचं. तरी माणूस असं म्हणाला, याचं मला कौतुक वाटलं.

आता, आमचं घर सरकारी संरक्षित यादीत आहे. संरक्षित घर म्हणजे काय, हे ज्याच्याकडे ते आहे त्यालाच कळतं. घर तुमचं, गळती तुमची, फक्त खिळा सरकारचा. चार स्क्रूंसाठी मी नगर परिषदेकडून अर्ज मागवला. अकरा पानं आली. स्क्रूंमुळे जवळच्या झाडांच्या मुळांना धोका आहे का? इमारतीत वटवाघळं वस्तीला आहेत का, आणि असल्यास त्यांच्या निद्रेवर काय परिणाम संभवतो? भिंतीचा काटछेद, म्हणजे भिंत कापली तर आतून कशी दिसेल ते चित्र, मोजमापासह जोडावा. काटछेद मी स्वतः काढला, चौदा इंच जाड, सगळ्या विटा दाखवून. फार देखणा आला होता. हिलरी म्हणाली, "चौदा इंच? मग आपल्या दाराची चौकट एवढी उथळ कशी?" मी तिला सांगितलं की ही स्थापत्याची बाब आहे.

खरं तर अशा बाबी बऱ्याच होत्या. घराच्या दोन्ही कोपऱ्यांवर वरपासून खालपर्यंत एकेक लाकडी फळी ठोकलेली होती. विटांच्या घराला कोपऱ्यावर फळी कशाला लागते, हे मला कधी कुणी विचारलं नाही. कुणी विचारण्याआधीच मी सांगून टाकायचो की ती त्या काळची शोभा आहे.

अर्ज दिल्यावर परिषदेने आमच्यासमोरच्या दिव्याच्या खांबाला एक सूचना बांधली. ज्या कुणाची हरकत असेल त्याने एकवीस दिवसांत कळवावं. दोन हरकती आल्या. पहिली नऊ नंबरच्या दंतवैद्यांची. सकाळच्या उन्हात पाटी चमकून त्यांच्या अंड्याच्या न्याहारीत व्यत्यय येईल, असं त्यांचं म्हणणं. तरीही हे गृहस्थ रोज येऊन भोक कसं पाडायचं याचा सल्ला द्यायचे, कारण त्या विषयात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नाही. दर दोन सेकंदांनी थांबा, पाण्याने गार करा, घाई नको. शेवटी मी विचारलं की भिंतीला भूल द्यायची का. त्यांनी क्षणभर खरोखर विचार केला.

दुसरी हरकत मात्र मी दोनदा वाचली. ती एकहर्स्टबाईंची होती. गोल, शाळकरी अक्षरात तीनच ओळी: पाटी भिंतीत ठोकू नये. पुढच्या लोखंडी कठड्याला टांगावी, तिथे छान दिसेल. भिंतीला हात न लावलेलाच बरा.

"जळतात," मी म्हणालो.

"कोण, एकहर्स्टबाई?" हिलरी म्हणाली. "त्यांनी आपल्याला वीस वर्षं मुरंबा पुरवलाय."

"मुरंबा वेगळा, पाटी वेगळी."

त्या दिवसापासून मी बोळातून जाताना त्यांना जरा तुटकच 'गुड मॉर्निंग' म्हणू लागलो. त्या नेहमीसारख्याच, "हवा बरी आहे नाही, मिस्टर पिल्बीम," म्हणायच्या.

आठ आठवड्यांनी परवानगी आली. वारसा अधिकारी मिस फनेल यांच्या सहीची, चौदा अटींसह. उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यावर सतरा चर्च असतात, त्यामुळे त्या स्वतः आल्या नव्हत्या. माझ्या काटछेदावर विसंबून त्यांनी होकार दिला होता. अट क्रमांक सहा अशी की स्क्रू विटेत नव्हे, दोन विटांमधल्या चुन्याच्या रेघेतच बसवावेत, विटेला इजा होता कामा नये. अनावरणाचा दिवस शनिवार ठरला, नगराध्यक्ष यायचे ठरले, आणि मंगळवारी दुपारी मी ड्रिल घेऊन शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढलो.

पहिले दोन सेकंद उत्तम गेले. मी थांबलो, पाणी मारलं. पुढचे दोन सेकंद त्याहून उत्तम गेले, इतके की ड्रिल लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं आणि घरातून हिलरीचा आवाज आला. तिने सांगितलं की ड्रिलचं टोक आमच्या बोळकंडीत, खुंटीवरच्या तिच्या रेनकोटच्या बाहीतून बाहेर आलं आहे. ती ओरडली नाही. एकतीस वर्षांच्या संसारात ती फक्त एकदाच ओरडली आहे, आणि ती वेगळी गोष्ट आहे.

चौदा इंचांची भिंत सहा इंचांच्या ड्रिलने पार झाली. मी घाबरून ड्रिल मागे ओढलं. त्याच्याबरोबर एक वीट अलगद माझ्या हातात आली. ती हलकी होती. तिची जाडी बोटाएवढी होती. मी ती उलटी केली, तर तिला मागे लांब शेपूट होतं, छपरावरच्या कौलासारखं. ती शेजारणीच्या आधाराने टांगलेली असणार, कारण मग शेजारीणही आली, तिच्यामागून तिच्या खालची. शिडीवरून उतरेपर्यंत नऊ उतरल्या होत्या. भोकातून मला एक जुनाट ओकची तुळई दिसली, आणि तुळईच्या दोन्ही बाजूंना काड्या, वाळकी माती आणि, आता काय सांगू, शेण.

बडा घर पोकळ वासा म्हणतात. आमचा वासा भरीव निघाला, पोकळ होतं ते बाकी सगळं.

सर्वांत पहिला विचार माझ्या मनात घराचा आला नाही. आला तो शनिवारचा. वीस वर्षांतल्या सगळ्या शनिवारांचा आला आणि माझे कान तापले. मी वरच्या पाहुण्यांच्या खोलीतला पडदा काढला, पोपटांच्या नक्षीचा, आणि भोकावर टांगला. हनीसेट संध्याकाळी फेरफटका मारताना थांबले. अनावरणासाठी एवढा मोठा पडदा म्हणजे रसिकता आहे, असं म्हणाले. मी मान खाली घातली. त्यांनी ती नम्रता समजली.

हिलरीचं मत सरळ होतं. मिस फनेलला फोन कर, हनीसेटला सांग, मोकळा हो. मी म्हणालो, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती म्हणाली, मूठ झाकलेली नाहीये, डेस्मंड, तिच्यावर पोपट आहेत.

बुधवारी सकाळी मागच्या दारावर टकटक झाली. एकहर्स्टबाई उभ्या होत्या. हातात ओव्हनचा पत्रा, त्यावर चहाचं फडकं झाकलेलं. मला वाटलं, चहाबरोबर खायला स्कोन भाजून आणलेत. एवढ्या तुटकपणानंतरही स्कोन, म्हणून मला जरा लाजही वाटली. त्यांनी पत्रा टेबलावर ठेवला तर खडखड वाजलं.

"किती पडल्या?" त्यांनी विचारलं.

मी हिलरीकडे पाहिलं. हिलरी खिडकीबाहेर बघत होती.

"नऊ," मी म्हणालो.

"बारा आणल्यात," एकहर्स्टबाई म्हणाल्या आणि फडकं काढलं. तीच लालसर छटा, तेच मागचं शेपूट. "सत्त्याऐंशीच्या वादळात तुमच्या घराची अर्धी पुढची बाजू रस्त्यावर आली होती. तुम्ही नव्हता तेव्हा. माझ्या विल्फने परत टांगली सगळी. उरलेली आमच्या शेडमध्ये, कुंड्यांखाली. यांना गणिती कौलं म्हणतात."

"गणिती का?"

"ते विल्फलाही माहीत नव्हतं."

गणिताशी माझं शाळेपासून वाकडं आहे, ते या वयात भिंतीतून बाहेर येईल असं वाटलं नव्हतं. एकहर्स्टबाईंनी चहा घेत घेत सगळं सांगितलं. अडीचशे वर्षांपूर्वी विटांची टूम निघाली. ज्याचं घर कुडाचं तो गावंढळ ठरू लागला. नवं घर बांधायची ऐपत नसलेल्या लोकांनी मग जुन्या घराच्या तोंडावर ही कौलं टांगली, विटांसारखी दिसणारी, रेघेला रेघ जुळवून. कोपऱ्यावर मात्र सोंग उघडं पडतं, म्हणून तिथे फळी. थोडक्यात, लोकांना थाप मारायची म्हणून कुणीतरी ही भिंत उभी केली होती, आणि मी तिच्यावर दर शनिवारी थापा मारत होतो.

"म्हणजे तुम्हाला वीस वर्षं माहीत होतं," मी म्हणालो.

"हो."

"आणि ती हरकत..."

"कठड्याला टांगली असती तर काही पडलं नसतं."

मला त्या वेळी काय वाटलं ते लपवत नाही. मला रडू आलं. हिलरीने साखरेचं भांडं माझ्या पुढ्यात सरकवलं, जणू मी ते मागितलं होतं.

"पण तुम्ही बोलला का नाहीत? मी तुमच्या घराविषयी काय काय बोलायचो..."

एकहर्स्टबाईंनी कप खाली ठेवला. "मिस्टर पिल्बीम, विल्फ गेला त्यानंतर माझे शनिवार फार लांबायचे. अकरा वाजता तुम्ही यायचात, एवढी माणसं घेऊन. तुमचा चेहरा काय खुलायचा हो त्या भिंतीपाशी. ते मी मोडू? आता ऐका. माझा भाचा टगवेल गवंडीकाम करतो. शुक्रवारपर्यंत नऊच्या नऊ चढवेल आणि तोंड उघडणार नाही. पाटी कठड्याला टांगू. शनिवार पार पडेल."

टगवेल गुरुवारी आला, शुक्रवारी गेला, आणि त्याने तोंड खरोखरच उघडलं नाही. चहाच्या वेळीसुद्धा अगदी थोडं. भिंत पूर्वीपेक्षा देखणी दिसू लागली. पाटी तारेने कठड्याला टांगली आणि तिच्यावर पोपट टाकले. मी आरशासमोर भाषणाची तालीम केली. त्यात विटा हा शब्द शक्य तितक्या कमी वेळा आणला होता. तरी चार वेळा येत होता.

शनिवारी निम्मं गाव लोटलं. मिस फनेलही आल्या होत्या, सतरा चर्चमधून सवड काढून, उन्हात डोळे बारीक करून. दंतवैद्य पाटीच्या कोनाचा अंदाज घेत होते. एकहर्स्टबाई आपल्या पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या, चांगला कोट घालून. नगराध्यक्ष गळ्यात साखळी घालून उभे राहिले आणि बोलू लागले. माणूस दोनदा माझ्या फेरीला आलेला होता. त्यांनी भक्कमपणा, सचोटी, वीट आणि पिल्बीम हे शब्द एकत्र ओवले. मग पंधरा नंबरकडे हात केला. वरून केकवरची साखर, आतून काड्या आणि शेण, ते म्हणाले, तिथे कुणी शिंकलं तर आमचे पिल्बीम इथून देव भलं करो म्हणतात.

हशा झाला. नेहमीसारखाच मोठा. एकहर्स्टबाईही हसल्या. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तो विनोद मला अजिबात ओळखीचा वाटेना. आणि मी पहिल्यांदाच त्या कशा हसतात ते पाहिलं. ओठ हसत होते, हात मात्र सुटत चाललेला गिलावा लपवावा तसा घराच्या भिंतीवर टेकवलेला होता.

मी नगराध्यक्षांच्या पुढे गेलो. आधी वळलो ते पंधरा नंबरकडे. "एकहर्स्टबाई," मी म्हणालो, "मी माफी मागतो. वीस वर्षांची." मग भिंतीपाशी गेलो आणि तळहात नाही, बोटांची पेरं वाजवली. रिकाम्या पेटीसारखा आवाज आला. शांतता एवढी होती की तो दंतवैद्यांपर्यंत पोहोचला. मी सगळं सांगितलं. कौलं, फळ्या, नऊ, वादळ, रेनकोट. "लोकांच्या भिंती मोजून मी निवृत्त झालो," मी म्हणालो, "आणि माझ्या भिंतीने काल-परवा माझ्याबद्दल कौल दिला. तो बरोबर आहे."

नगराध्यक्षांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यांच्या भाषणाचं एक पान उरलं होतं आणि ते सगळं विटांवर होतं. दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी ते वाचून टाकलं.

मिस फनेल मात्र भिंतीला गाल लावून उभ्या होत्या. अशी कौलं अस्सल विटांपेक्षा किती दुर्मिळ असतात हे त्या मला सांगत राहिल्या, त्यांचे डोळे पाणावले होते. सोमवारी त्यांचं पत्र आलं. घराचा दर्जा वाढवायची शिफारस त्यांनी केली होती, आणि नऊ कौलं परवानगीविना उतरवून परवानगीविना चढवल्याबद्दल खुलासाही मागितला होता, अकरा पानी अर्जासह. पाटी कठड्यावरूनही काढायची होती, कारण कठडाही आता संरक्षित. शिवाय पाटीवरचा मजकूर खोटा. नव्या मजकुरावर समितीची सहावी बैठक परवा झाली.

मला वाटलं होतं, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तसं काही झालं नाही. लोक उलट जास्त प्रेमाने बोलू लागले आणि लवकर निघून जाऊ लागले. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोळापलीकडे एकहर्स्टबाईंचं मागचं दार दिसतं. त्या आठवड्यात तिथे रांग लागली. पहिले आले हनीसेट, टोपी हातात घेऊन. मग बँकवाले कोपऱ्यावरचे, मग दंतवैद्य. सगळे मागच्या दाराने, सगळे हळू आवाजात. विल्फने वादळानंतर कुणाकुणाच्या भिंतींवर काम केलं, ते त्यांना विचारायचं होतं. प्रत्येकाला चहा मिळाला, मुरंब्याची बरणी मिळाली, आणि जाताना प्रत्येकजण येतानापेक्षा थोडा वाकलेला दिसला. एकहर्स्टबाईंनी कुणालाच काही सांगितलं नसावं. न सांगण्यावरूनच त्या सगळ्यांना कळलं असणार.

मी मात्र आता त्यांच्याकडे पुढच्या दाराने जातो. परवा त्यांच्या पायरीवर बसलो होतो, ऊन छान होतं, हिलरी पलीकडून रेनकोटाच्या शिवलेल्या बाहीने हात हलवून बाजाराला गेली. मी म्हणालो, "कुणाचं नाव नका घेऊ. फक्त आकडा सांगा. या अख्ख्या रस्त्यावर खरोखरीच्या विटांची घरं किती?"

एकहर्स्टबाईंनी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, एकेका दारावर थांबत. मग मागे टेकल्या.

"एक," त्या म्हणाल्या. "पण त्याच्यावर गिलावा आहे."